कुंकू लागलेली उड्डाणवही

मित्रांनो, माझ्याकडे पाहून तुम्हाला वाटेल, ही एखाद्या किराणा दुकानातली जुनी चोपडी असावी. हिरवा जाड पुठ्ठा, झिजलेले कोपरे, आडवा आकार आणि आतल्या एका पानावर कुंकवाचा मोठा लाल डाग. पण मी दुकानातली नाही. मी एका वैमानिक मुलीची उड्डाणवही आहे. विमानवाले मला लॉगबुक म्हणतात. माझं वय अवघं सहा वर्षं. तुमच्या मोजणीने मी अजून पहिलीतच असते, पण वह्यांच्या जगात सहा वर्षं म्हणजे म्हातारपण. स्वभावाने मी जरा मानी आहे, हेही आधीच सांगून टाकते. मला कोणी नुसतं 'वही' म्हटलं की आवडत नाही.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका छापखान्यात झाला. तेव्हा माझ्या अंगावर फक्त रकाने होते. तारीख, विमानाचा प्रकार, कुठून निघालो, कुठे उतरलो, किती वेळ उडालो, किती वेळा चाकं टेकवली आणि शेवटी शेऱ्यासाठी एक रुंद जागा. टेक्सासमधल्या एका उड्डाणशाळेच्या कपाटात मी बरेच दिवस पडून होते. एके दिवशी एका काटक, सावळ्या मुलीने मला उचललं आणि पहिल्या पानावर सावकाश नाव लिहिलं: प्रेरणा बद्रीनाथ शेजूळ, करमाड. तिथल्या कचेरीतल्या बाईंनी विचारलं, हे करमाड कुठे आलं? प्रेरणा म्हणाली, जालना रोडला. बाईंनी समजल्यासारखी मान हलवली. त्यांना काय समजलं, कोण जाणे.

या करमाडला प्रेरणाच्या वडिलांची, म्हणजे बद्रीनाथ आण्णांची शेती होती. शेजारच्या शेंद्र्याला कारखाने वाढत गेले आणि ती जमीन त्यांच्याकडे गेली. जे हाती आलं त्यातून मुलगी विमान शिकायला टेक्सासला गेली. आण्णांनी हे कधी बोलून दाखवलं नाही. पण ज्या कामासाठी शेत गेलं ते काम दिसतं कसं, हे त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण माझी सगळी कथा तिच्याभोवतीच फिरते.

शिकण्याचे दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत गडबडीचे होते. रोज पहाटे मला पिशवीत कोंबायचं, उड्डाण झालं की बाहेर काढायचं आणि काळ्या शाईने एक ओळ लिहायची. प्रेरणाचे म्हातारे शिक्षक शेऱ्याच्या रकान्यात मोजकंच लिहीत. पहिल्या अकरा ओळींत त्यांनी एकच शेरा लिहिला आहे, 'उजवा पाय.' विमान वर उठताना डावीकडे ओढतं, तेव्हा उजव्या पायाने दाबून ते सरळ ठेवावं लागतं, आणि आमच्या बाईसाहेब ते विसरत. बाराव्या ओळीत काहीच शेरा नाही. त्या दिवशी प्रेरणाने ती कोरी जागा कितीतरी वेळ पाहिली.

मग ती पहिल्यांदा एकटीने उडाली. अशा वेळी शिकणाऱ्याच्या शर्टाचा मागचा तुकडा कापायची तिथे रीत आहे. प्रेरणाने नेमकी आईने शिवलेली कुर्ती घातली होती. तुकडा कापला गेला, त्यावर तारीख पडली आणि तो माझ्या पानांत आला. पुढे घरी आल्यावर सुरेखाकाकूंनी, म्हणजे तिच्या आईने, तो तुकडा हातात घेतला आणि म्हणाल्या, "चांगली नवीकोरी कुर्ती होती गं." मग त्यांनीच तो इस्त्री करून परत माझ्यात ठेवला.

दीड वर्षाने प्रेरणा परीक्षा पास झाली आणि तिला परवाना मिळाला. परवाना म्हणजे एक प्लास्टिकचं कार्ड. हे कार्ड लई गर्विष्ठ होतं. ते पाकिटात मऊ कप्प्यात राहायचं, लोक त्याचे फोटो काढायचे, नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅपवर ते फिरून यायचं. माझा फोटो कोणी काढला नाही. पण एक गोष्ट त्या कार्डाला ठाऊक होती आणि मलाही. अमेरिकेचं ते कार्ड कधी संपत नाही, पण नुसतं कार्ड असून विमान उडवता येत नाही. दर दोन वर्षांनी तिथल्या मान्यतेच्या शिक्षकाबरोबर किमान तासभर अभ्यासाची आणि तासभर उडण्याची तपासणी द्यावी लागते. तिला रिव्ह्यू म्हणतात. त्या रिव्ह्यूची सही कार्डावर होत नाही. ती माझ्या पानावर होते. सही जुनी झाली की कार्ड पाकिटात चकाकत असलं तरी त्याचा काही उपयोग नाही.

शिक्षण संपवून प्रेरणा परत आली तोपर्यंत आण्णा करमाड सोडून शहरातल्या मुकुंदवाडीत राहायला आले होते. इथे आपल्या देशाचा परवाना काढायचा तर वेगळ्या परीक्षा होत्या. त्या पास होऊन विमान खात्याच्या कचेरीत कागदपत्रं दाखवायची, आणि दाखवायच्या दिवशी अमेरिकेचा परवाना चालू असलाच पाहिजे. म्हणजे इथलं मिळेपर्यंत तिथलं जिवंत ठेवायचं. ते जिवंत ठेवणं किती कटकटीचं असतं, हे मी जवळून पाहिलं आहे. डॉक्टरी तपासणीसाठी अमेरिकेने नेमलेले डॉक्टर लागतात, म्हणून मुंबईची फेरी. राहतं घर बदललं तर महिन्याच्या आत कळवावं लागतं. मुकुंदवाडीतच एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत घर हललं, तेव्हा प्रेरणाने ते अमेरिकेला आधी कळवलं आणि आत्याला नंतर. आत्या अजून रुसलेल्या आहेत.

आण्णांना हे सगळं पटत नसे. ते एकदा जेवताना म्हणाले, "ट्रॅक्टरचं लायसन मी एकदा काढलं, वीस वर्षं चाललं. तुझं कार्ड आलंय ना? मग परत परत कशाची परीक्षा देती?"

"आण्णा, कार्ड हाय. पण दोन वर्षं कुणी तपासलं नाय तर त्याला किंमत नाय."

"तपासायला काय, तू विसरणार हायेस का?"

"विसरते ना माणूस. हात विसरतेत."

विश्वजीत, म्हणजे प्रेरणाचा मोठा भाऊ, शेंद्र्याच्या एका कारखान्यात मशीनवर काम करतो. तो म्हणाला, "सोड की आता. आमच्या ऑफिसात जागा निघतेय, येतीस का बोल." प्रेरणाने ताटातली भाकरी मोडली. विश्वजीत वाईट नाही, मित्रांनो. बहिणीने झुरत बसू नये एवढंच त्याला वाटत होतं.

पहिला रिव्ह्यू द्यायची वेळ आली तेव्हा अमेरिकेची मान्यता असलेली शिक्षिका सापडली अजिंठ्याच्या घाटापलीकडे, खानदेशातल्या एका उड्डाणशाळेत. कॅप्टन मृण्मयी त्यांचं नाव. बोलणं शांत, नजर बारीक. इथला परवाना नसल्याने प्रेरणाला एकटीने उडता येत नाही, शेजारी शिक्षक बसावा लागतो, तशा मृण्मयी मॅडम बसल्या. वारा आडवा होता. विमान धावपट्टीवर नीट बसत नव्हतं, तरी प्रेरणाने ते दामटून खाली टेकवलं. चाकं दाणकन आपटली. उतरल्यावर प्रेरणाने मला मॅडमपुढे उघडून ठेवलं. मॅडमनी मला मिटलं आणि परत दिलं.

"आज सही नाही," त्या म्हणाल्या. "उद्या ये."

प्रेरणा त्या रात्री एका धर्मशाळेत राहिली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उडाली. तेव्हा सही मिळाली. मला त्या बाईंचा पहिल्या दिवशी फार राग आला होता. दुसऱ्या दिवशी त्यांचं पेन माझ्या पानावर चाललं तेव्हा कळलं की ही सही फुकट मिळत नाही, म्हणूनच तिला अर्थ आहे.

त्यानंतरची दोन वर्षं मी बहुतेक कपाटातच काढली. प्रेरणा एका क्लासमध्ये दहावीच्या मुलांना गणित शिकवायची आणि उरलेल्या वेळात इथल्या परीक्षांचा अभ्यास करायची. विमानाच्या कायद्यांचा पेपर तिला दोनदा नडला. चिकलठाण्याचा विमानतळ जवळच आहे. संध्याकाळचं विमान मुकुंदवाडीवरून गेलं की कपाटाचं दार बारीक थरथरायचं. त्या वेळी प्रेरणा पुस्तकातून डोकं वर काढायची नाही. विमान दूर गेल्यावर मात्र तिचं पान उलटायला वेळ लागायचा. मी साड्यांच्या घडीखाली पडून हे ऐकत असे. मला तेव्हा एकटं वाटायचं, आणि तिच्यासाठी वाईटही वाटायचं.

यंदा उन्हाळ्यात कायद्यांचा पेपर सुटला. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात कागदपत्रं दाखवायची तारीख मिळाली. जुन्या रिव्ह्यूची मुदत सप्टेंबरअखेर संपत होती, म्हणून प्रेरणा महिन्याच्या सुरुवातीलाच घाट उतरून गेली आणि मॅडमकडून नवी सही घेऊन आली. या वेळी ती एका दिवसात मिळाली. टेबलावर एक जेल पेन पडलं होतं, मॅडमनी तेच उचललं. चांगली ठसठशीत सही झाली, खाली त्यांचा शिक्षक-क्रमांक, शेजारी तारीख. मॅडमना परदेशात नोकरी लागली होती आणि दसऱ्यालाच त्या कायमच्या निघणार होत्या. त्यांची शेवटची सही आपल्या पानावर आहे, या विचाराने मी घरी येईपर्यंत फुगून गेले होते.

आणि मग खंडेनवमी आली.

या दिवशी आपल्याकडे हत्यारं पुजतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. प्रेरणा सकाळच्या क्लासला गेली होती. आण्णांनी पाटावर धुतलेला फडका अंथरला. करमाडहून आणलेला नांगराचा फाळ ठेवला. तो आता कशालाच लागत नाही, तरी ते दरवर्षी त्याला घासून लख्ख करतात. शेजारी विळा, कुऱ्हाड, विश्वजीतचे नटबोल्टचे पाने. काकूंच्या शिलाई मशीनला झेंडूची माळ घातली. मग आण्णा थोडे थबकले, कपाटाकडे गेले आणि साड्यांखालून त्यांनी मला बाहेर काढलं.

"तिची वही कशाला?" काकू म्हणाल्या.

"तिचं हत्यार हेच ना," आण्णा म्हणाले. "आजवर ध्यानातच आलं नाय माझ्या."

मित्रांनो, सहा वर्षांत माझा असा मान कोणी केला नव्हता. आण्णांनी मला फाळाशेजारी ठेवलं. काकू म्हणाल्या, पुठ्ठ्यावर टिळा लावा. आण्णांनी नकारार्थी मान हलवली.

"धार पुजायची असती, मूठ नाय. हिची धार आत हाय."

असं म्हणून त्यांनी एकेक पान उलटत मला उघडलं आणि जिथे शेवटचं लिहिलेलं होतं तिथे थांबले. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. मुलीचं काम इथवर आलं आहे, एवढं त्यांना कळलं. त्यांनी तळहातावर कुंकू ओलं केलं आणि बोटाने त्या शेवटच्या ओळीवर पाच टिकल्या लावल्या. वरून हळद, अक्षता, झेंडूचं एक फूल. पंख्याने पान उलटू नये म्हणून ओलाच फाळ माझ्यावर आडवा ठेवला. माझ्या अंगातली शाई पसरायला लागली हे मला कळत होतं. पण खरं सांगते, त्या घटकेला मला दुःख झालं नाही. आण्णा हात जोडून माझ्यापुढे उभे होते.

दुपारी प्रेरणा आली. आण्णा दारातच म्हणाले, "बघ, औंदा तुझं बी हत्यार पुजलं."

तिने फाळ उचलला. सही जिथे होती तिथे लाल-निळा चिखल झाला होता. क्रमांकाचे दोन आकडे, तारखेचा एक तुकडा आणि सहीची फिकट सावली उरली होती. तिचा चेहरा उतरला. पण तिने वर पाहिलं तेव्हा आण्णा इतक्या आनंदात उभे होते की तिला खरं सांगवेना.

"लई चांगलं केलं, आण्णा," ती म्हणाली, आणि मला उचलून आतल्या खोलीत घेऊन गेली.

तिने कापसाने पान टिपलं. डाग आणखी पसरला. विश्वजीत मागोमाग आत आला, त्याने पाहिलं आणि त्याला सगळं समजलं. जुन्या रिव्ह्यूची मुदत आदल्याच दिवशी संपली होती. नवी सही वाचता येत नसेल तर प्रेरणाचा परवाना आजपासून बंद. पुढच्या आठवड्यात कागदपत्रं दाखवायची होती, आणि मॅडम उद्याच निघणार होत्या.

"थोडी दिसतेय की," विश्वजीत हळू आवाजात म्हणाला. "वरून पेन फिरव. कोण भिंग लावून बघणार हाय? सही खरी, दिवस खरा, तू उडालीस ते बी खरं. आपण खोटं काय करतोय? फक्त साफ करायचं."

मला वाटतं, तो असं बोलला म्हणूनच ती डगमगली. कोणी म्हणालं असतं की खोटी सही कर, तर तिने त्याला हाकलून दिलं असतं. पण यात सगळंच खरं होतं, फक्त हात दुसऱ्याचा. तिने पेन घेतलं. फिकट सावलीच्या पहिल्या उभ्या दांड्यावर टोक टेकवलं आणि अर्धा दांडा ओढला.

मला बोलता येत नाही, याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. माझ्या पानावर चुका पुष्कळ आहेत, चुकलेल्या बेरजाही आहेत, पण खोटी ओळ एकही नाही. प्रेरणाचा हात तिथेच थांबला. तिने पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाली, "नाय, दादा. मॅडमनी मला एकदा सही नाकारली होती. मी त्यांची सही त्यांना न विचारता कशी करू?"

दारात आण्णा उभे होते. त्यांनी किती ऐकलं होतं ते कळलं नाही, पण पुरेसं ऐकलं होतं. ते आत आले आणि माझ्या पानावरचा डाग बघत खाली बसले.

"कुंकवानं बिघडलं व्हय गं?"

प्रेरणाने होकारार्थी मान हलवली.

काकूंनी पाणी आणून ठेवलं, ते तसंच राहिलं. मग आण्णा म्हणाले, "त्या बाईंना फोन लाव. मी येतो संगं. बिघडवलं मी, अन् सांगायला पोरगी एकटी कामून जाईल? उद्या दसरा हाय, शीव तर ओलांडायचीच असती."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या पहिल्या एसटीने आम्ही निघालो. उड्डाणशाळेत सुट्टी होती. विमानांच्या नाकांवर कालच्या पूजेची गंधं होती, पंख्यांना झेंडूच्या माळा होत्या. मृण्मयी मॅडम आपलं टेबल आवरत होत्या. त्यांची गाडी दुपारी चारला होती.

आण्णा पुढे झाले. हात जोडून म्हणाले, "मॅडम, चूक पोरीची नाय. मी पुजली वही. धार पुजायची म्हून उघडली, अन् सगळं पुसून गेलं."

मॅडमनी मला हातात घेतलं. डाग पाहिला, आण्णांकडे पाहिलं. त्यांचा आवाज मऊ झाला. "काका, एवढंच ना? माझ्याकडे त्या दिवशीची नोंद आहे. तीच तारीख घालून मी पुन्हा सही देते." त्यांनी खुर्ची ओढली.

आता सगळं सुटलं होतं, मित्रांनो. प्रेरणा गप्प राहिली असती तर पाच मिनिटांत काम झालं असतं. तिने बोट पुढे केलं आणि त्या अर्ध्या दांड्यावर ठेवलं.

"मॅडम, हा दांडा तुमचा नाही. मी गिरवायला घेतलं होतं. मग थांबले."

मॅडमनी मला उजेडाकडे धरून तो दांडा नीट पाहिला. त्यांचा चेहरा बदलला. त्या रागावल्या नाहीत, पण त्यांनी पेन खाली ठेवलं.

"ज्या ओळीला दुसऱ्याचा हात लागला, तिची जुन्या तारखेची सही मी पुन्हा देणार नाही," त्या म्हणाल्या. "आज नव्याने रिव्ह्यू घेऊ. तासभर प्रश्न, तासभर उड्डाण. जमलं तर सही. नाही जमलं तर उद्या ये म्हणायला मी इथे नसेन."

प्रेरणा म्हणाली, "चालेल, मॅडम."

प्रश्नांचा तास बंद खोलीत झाला. नंतर त्या दोघी विमानाकडे गेल्या आणि मी आण्णांच्या मांडीवर राहिले. कुंपणाजवळ एक सिमेंटचा बाक होता. विमानांत इंधन भरणारे सांडूभाऊ तिथे येऊन बसले. त्यांची सुट्टी मॅडमनी अर्धी करून टाकली होती, पण त्यांची काही तक्रार दिसली नाही.

छोटं पांढरं विमान पट्टीवरून धावलं आणि वर उठलं. आण्णांनी हात कपाळावर धरला. ते कुठे वळलं, किती वर गेलं, हे ते मान फिरवून फिरवून पाहत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "चालवतंय कोण? मॅडम का पोरगी?"

"पोरगी," सांडूभाऊ म्हणाले. "मॅडम नुसत्या बघतेत."

आण्णांची बोटं माझ्या पुठ्ठ्यावर घट्ट झाली. मी त्यांच्याकडे पाहत होते. जमीन गेली त्या दिवशी हा माणूस कसा दिसला असेल ते मला माहीत नाही. पण त्या जमिनीचं काय झालं, हे तो आज पहिल्यांदा बघत होता, आणि त्याचे डोळे पाण्याने भरले होते. त्याने ते पुसले नाहीत, कारण पुसायला खाली बघावं लागलं असतं.

विमान दोनदा उतरलं आणि दोनदा वर गेलं. तिसऱ्या वेळी वारा सुटला. पट्टीच्या कडेचा, वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा आडवा फडफडायला लागला. विमान तिरकं तिरकं खाली आलं, चाकं टेकणार इतक्यात एक पंख वर झाला. तेवढ्यात इंजिन मोठ्याने गरजलं आणि विमान न टेकताच परत वर निघून गेलं.

आण्णा उठून उभे राहिले. "उतरली नाय. जमलं नाय तिला."

"बसा, काका," सांडूभाऊ म्हणाले. "नीट बसंना झालं की परत वर जायचं असतंय. जबरदस्तीनं टेकवलं तर मोडतंय."

"मंग नापास करत्याल का?"

"ते मॅडमला माहीत."

आण्णा बसले नाहीत. विमान लांब फेरी मारून पुन्हा समोर आलं, एक चाक आधी आणि दुसरं मागून असं हलकेच टेकलं आणि धावत येऊन थांबलं. पंखा बंद झाला. तरी दोघी बराच वेळ आतच बसून बोलत होत्या. एवढा वेळ मला कधी लांब वाटला नव्हता.

शेवटी मॅडम आल्या आणि म्हणाल्या, "वही द्या, काका." आण्णांनी दोन्ही हातांनी मला पुढे केलं. कोणीतरी तेच जेल पेन दिलं, ते मॅडमनी बाजूला सारलं आणि खिशातून साधं बॉलपेन काढलं. बिघडलेल्या ओळीवरून एक आडवी रेघ मारली. आमच्यात खोडायचं ते असंच, खालचं दिसत राहील असं. मग तिच्याखाली नवी ओळ लिहिली आणि सही केली.

"मी सांगायच्या आधी तू वर गेलीस," त्या प्रेरणाला म्हणाल्या. "दोन वर्षांपूर्वी दामटून टेकवलं होतंस." मग आण्णांकडे वळून म्हणाल्या, "काका, पुढच्या वर्षी टिळा पुठ्ठ्यावर."

"व्हय, मॅडम," आण्णा म्हणाले.

पुढचं थोडक्यात सांगते. कागदपत्रं दाखवायच्या दिवशी साहेबांनी लाल डागावर बोट ठेवून हे काय म्हणून विचारलं. प्रेरणाने घडलं तसं सांगितलं. त्यांनी आडवी रेघ पाहिली, खालची सही पाहिली आणि फाईल पुढे सरकवली. आपल्या देशाचा परवाना अजून हाती आलेला नाही, पण वाट अडलेलीही नाही. तो येईपर्यंत आम्हाला अमेरिकेच्या मान्यतेचा नवा शिक्षक शोधून तपासणी देत राहायचं आहे.

माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुम्हीही कष्टाने काही मिळवलं असेल. पोहणं असेल, पेटी असेल, एखादी भाषा असेल. त्याचं प्रमाणपत्र भिंतीवर लावून मोकळे होऊ नका. अधूनमधून कोणा जाणत्या माणसाला ते तपासू द्या, आणि तो नाही म्हणाला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. आणि तुमच्या घरात कोणी मुकाट्याने अशी धडपड करत असेल, तर एकदा तिच्याबरोबर जा आणि ती काय करते ते बघून या.

आता त्या दसऱ्याच्या परतीच्या प्रवासाचं सांगायचं राहिलं. एसटीत गर्दी होती, आण्णांना खिडकीजवळ जागा मिळाली. त्यांनी मला मांडीवर घेतलं, पण मिटलं नाही. नव्या सहीचं पान उघडं ठेवून, दोन्ही अंगठ्यांनी कडा धरून ते बसले. घाट चढताना बस हिसके देत होती. शेजारच्या बाईंच्या लेकराचा हात पानाजवळ आला की ते म्हणत, "बाळा, वाळू दे." प्रेरणा त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्याचं सोंग घेत होती. सिल्लोड गेलं, फुलंब्री गेली, आण्णांचे हात अवघडले तरी त्यांनी मला मिटू दिलं नाही. बॉलपेनची शाई लिहिता लिहिताच वाळते. प्रेरणाने त्यांना ते सांगितलं नाही, आणि मला बोलता आलं असतं तरी मीही सांगितलं नसतं.